स्वस्त गोळीच आधी सुटते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका वाचकाने लिहिलं होतं, की कॅन्सरसाठी आता योजना आहेत, दवाखाने आहेत, तरी लोक औषधं मध्येच सोडून देतात. त्यांना स्वतःच्याच जिवाची पर्वा नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी ते काउंटरवर वाचलं. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी फार्मासिस्ट आहे. नागपुरात मेडिकल चौकाच्या परिसरातल्या एका औषध दुकानात २३ वर्षं नोकरी करते. सरकारी मेडिकल कॉलेजात, तुकडोजी चौकाकडच्या कॅन्सर हॉस्पिटलात, जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, एम्सला दाखवायला आलेली माणसं आमच्याकडे चिठ्ठी घेऊन येतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ आणि वरून छिंदवाडा, बालाघाट. कुणाचं औषध सुटायला लागलंय हे डॉक्टरांना पुढच्या तपासणीत कळतं, घरच्यांना कधी कधी कळतच नाही. आम्हाला त्याच दिवशी कळतं. चिठ्ठीवर तीस गोळ्या लिहिलेल्या असतात आणि समोरचा माणूस हळूच म्हणतो, "दहाच द्या."

गेल्या जुलैतली गोष्ट सांगते. (रुग्ण ओळखू येऊ नयेत म्हणून गावं आणि वयं थोडी बदलली आहेत.) लाखांदूरकडचे एक गृहस्थ आले. बायकोचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो झालेली, शेक (रेडिएशन) झालेले. आता लेट्रोझोलची रोज एक गोळी, पाच वर्षं. ते म्हणाले, "बाई, दहाच द्या जी."

"तीस लिहिल्यात भाऊ. दहा दिवसांनी परत येणार का?"

"रोवणी आटोपली का येतो नं."

रोवणी आटोपायला अजून तीन आठवडे तरी होते. मी म्हटलं, गोळी महाग नाही, तीस घेऊन जा. ते म्हणाले, "महाग नाही ते समजते मले. पण तिकिटाचे ठेवा लागते."

खिशातले पैसे त्यांनी काउंटरवर काढून दाखवले नाहीत, पण मुठीत धरून मोजले, ते मी पाहिलं. मालकांना विचारून उरलेल्या वीस गोळ्या मी उधारीवर दिल्या आणि वहीत लिहून ठेवलं.

कॅन्सरचं औषध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाखांची इंजेक्शनं येतात. ती आहेतच. पण २३ वर्षांत मी जे पाहिलं ते सांगते. महागडं औषध चालू असतं तेव्हा अख्खं घर जागं असतं. एकर-दोन एकर विकतात, सोसायटीचं कर्ज काढतात, मामा-काका पैसे धाडतात, महात्मा फुले योजनेच्या कागदांसाठी मुलगा तहसीलच्या चकरा मारतो. प्रत्येकाला तारीख पाठ असते. ते संपतं, योजनेचा कागद बंद होतो आणि घर म्हणतं, ट्रीटमेंट झाली. उरते ती "साधी गोळी". टॅमॉक्सिफेन असो की लेट्रोझोल, महिन्याचा खर्च काही शे रुपये. ती घेण्याची जबाबदारी एकट्या त्या बाईवर येते. तिच्यासाठी कुणी कर्ज काढत नाही, कुणी रजा टाकत नाही, तारीख कुणाला आठवत नाही. आणि तीच गोळी सुटते. आजार परत येऊ नये म्हणून पाच-पाच, कधी दहा वर्षं घ्यायची असते ती.

गोळीची किंमत पाकिटावर छापलेली असते. ती आणायला काय पडतं ते कुठेच छापलेलं नसतं. लाखांदूरहून नागपूरला यायचं तर पहाटेची एसटी. बाई एकटी येत नाही, सोबत नवरा नाहीतर मुलगा, म्हणजे एका दिवसात दोघांची मजुरी गेली. बसस्टँडपासून ऑटो. आधी रक्त तपासून घ्या म्हणाले तर तो दिवस तपासणीत गेला, औषध दुसऱ्या दिवशी, रात्र व्हरांड्यात. महिलांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालं, त्याचा फार उपयोग झाला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्वी नवरे एकटे चिठ्ठी घेऊन यायचे, आता बायका स्वतः येऊ लागल्या. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. गोंदियाहून गाडीने येणाऱ्या कितीतरी लोकांना हे मीच काउंटरवर सांगते तेव्हा कळतं.

त्यात हंगाम असतो. आमच्या दुकानातल्या कॅन्सरच्या गोळ्यांचा खप पिकांवर चालतो, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. जुलैत भंडारा-गोंदियाचे लोक दिसत नाहीत, धानाची रोवणी असते. एप्रिल-मे मध्ये गडचिरोलीचे येत नाहीत, तेंदूपत्ता असतो. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की वर्धा-यवतमाळच्या बायका येत नाहीत. काम असतं तेव्हा यायला सवड नाही, सवड असते तेव्हा हातात पैसा नाही. यात बेपर्वाई कुठे आहे ते त्या वाचकांनी मला सांगावं.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही.

भिवापूरकडच्या एक मावशी होत्या, साठीच्या. एकदा औषध घ्यायला आल्या आणि कुठली गोळी संपली हे दाखवायला त्यांनी पदराखालून पन्नी काढून काउंटरवर ओतली. कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे, कॅल्शियमच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीच्या, बीपीची. मी ते वेगवेगळे लावले. लेट्रोझोलच्या चौदा उरल्या होत्या. बिलावरची तारीख पाहिली, साठ दिवसांपूर्वी साठ गोळ्या नेल्या होत्या. एकही उरायला नको होती. दुकानात गर्दी होती, मी वैतागून बोलले, "मावशी, एवढी स्वस्त गोळी, तीही तुमच्याकडून घेणं होत नाही?"

त्या काही बोलल्या नाहीत. पन्नीतून एक कागदाचं पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "रोज १, जेवणानंतर."

"सोमवारी मी जेवत नाही नं बाई," त्या म्हणाल्या. "एकादशीले पण नाही. तुम्हीच तं लिवलं."

आठ सोमवार, चार एकादश्या, दोन संकष्ट्या. चौदा. उपासाच्या दिवशी त्या साबुदाण्याची उसळ खात होत्या, पण फराळ म्हणजे जेवण नव्हे, म्हणून गोळी नाही. त्यांनी चिठ्ठी तंतोतंत पाळली होती. आणि लेट्रोझोल जेवणाआधी, जेवणानंतर, उपाशीपोटी, कशीही घेतलेली चालते! "जेवणानंतर" हे मी सवयीने लिहिलं होतं, प्रत्येक पाकिटावर लिहिते तसं. त्या दिवशी मी मावशींची क्षमा मागितली. घरी जाऊन रात्री मला जेवण गेलं नाही. असं किती पाकिटांवर मी लिहिलं असेल!

काही औषधं मात्र खरोखरच जेवणावर घ्यावी लागतात. कॅपेसिटाबीन ही केमोचीच गोळी, जेवल्यापासून अर्ध्या तासात घ्यायची. रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबर. तिथे प्रश्न उपासाचा नसतो, घरात सकाळ-संध्याकाळ जेवण शिजतं का हा असतो. रामदासपेठेत पाच घरी भांडी-धुणी करणारी एक ताई सकाळी सहाला चहा पिऊन निघते आणि दुपारी तीनला जेवते. तिला सकाळची गोळी कशी घ्यायची हे चिठ्ठीवर कुणी लिहिलेलं नव्हतं. तिच्या तळहाताची साल निघू लागली, बोटांना चिरा पडल्या, त्यात भांड्यांचा साबण. कॅपेसिटाबीनने असं होतं. डॉक्टरांना वेळेवर सांगितलं तर ते डोस कमी करतात, थोडे दिवस थांबवतात. तिने कुणालाच न सांगता सकाळच्या गोळ्या बंद केल्या, कारण हात दुखावलेली बाई मालकिणींनी काढून दुसरी ठेवली असती. लेट्रोझोलने सांधे धरतात, सकाळी मूठ वळत नाही. खुर्चीवर बसून काम करणारीला ते सहन होईल. दिवसभर कमरेत वाकून रोपं लावणारीने, बोंडातून कापूस ओढणारीने काय करावं? दहा दिवस गोळी बंद केली की बोटं मोकळी होतात हे तिला आपोआप कळतं आणि हंगामभर ती बंद ठेवते. गोळी बदलून मिळू शकते हे तिला माहीत नसतं. आणि बंद केली हे डॉक्टरांपुढे बोलायची तिला भीती वाटते. रागावतील म्हणून पुढची तारीखही ती चुकवते.

लाजेचं तर विचारूच नका. आमच्या काउंटरखाली एक डबा आहे, तो रोज संध्याकाळी रिकाम्या खोक्यांनी भरलेला असतो. "बॉक्स नको बाई, गोळ्या तेवढ्या द्या." खोक्यावर कॅन्सर लिहिलेलं असेल, शेजारी वाचेल, मुलीची सोयरीक मोडेल. खोक्याबरोबर आतली माहितीची घडीही डब्यात जाते. मग घरी ती गोळी बीपीची आहे म्हणून ठेवतात, आणि बीपी बरं वाटलं की बंद करतात.

पुरुषांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे तंबाखूचा खर्रा खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं किती आहेत हे नागपूरकरांना सांगायला नको. यातल्या काहींना पुढे मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी खाली जातात, जिवावर बेततं. चिठ्ठीवर आठवड्याचं इंग्रजीत लिहिलेलं. वाचणार कोण? मुलगा ऑटो चालवतो, सून शाळा सोडलेली, रुग्णाचं तोंड दोन बोटं सुद्धा उघडत नाही, त्याला विचारायचं तरी कसं? मी आता एकच प्रश्न विचारते: तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी? "बुधवारी." मग पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिते, "बाजाराच्या दिवशीच. बुधवार." शेजारी पिशवीचं चित्र काढते. बाजाराचा वार कुणी विसरत नाही.

किमतीसाठी झालेल्या लढाया मला कमी लेखायच्या नाहीत. यकृत-किडनीच्या कॅन्सरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार होता, २०१२ मध्ये सरकारने पेटंटवालं ते औषध बनवायचा सक्तीचा परवाना दुसऱ्या कंपनीला दिल्यावर तेच औषध ८,८८० रुपयांत मिळू लागलं. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबचं पेटंट नाकारलं, म्हणून आज आपल्या कंपन्यांची गोळी सामान्य घरातला मुलगा विकत घेऊ शकतो. २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवरचा नफा ३० टक्क्यांत बांधला, सप्टेंबर २०२५ मध्ये ३३ जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्य झाला. दर उतरल्याचं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा भाव मी पाहिलाय.

पण असाच एक इमॅटिनिबवाला मुलगा हिंगण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. रक्ताचा कॅन्सर, रोज ४०० मिलिग्रॅम, बहुधा आयुष्यभर. तब्येत ठणठणीत दिसते. तपासणीला आला की त्या दिवसाचा पगार कापला जातो, आजाराचं नाव सांगितलं तर काम जाईल, म्हणून दरवेळी नवीन कारण. रात्रपाळी असली की जेवणाची वेळ हुकते आणि गोळीही. लंडनमध्ये याच गोळीवरच्या ८७ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यापैकी सुमारे ९४ टक्के लोकांत आजार चांगला आटोक्यात आला. त्याखाली घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांवर. ९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्यांची चूक. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो बोटांवर मोजत राहिला आणि म्हणाला, "ताई, माझ्या तर पाच जातात." त्याच्या रात्रपाळ्या महिन्याला पाच.

आपल्याच राज्यात यावर उपाय चालू आहे, फक्त दुसऱ्या आजारासाठी. टीबीच्या रुग्णाला औषध घराजवळ मिळतं. आशाताई विचारपूस करते. खायला म्हणून २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये खात्यात जमा होत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. टीबीचा रुग्ण औषध सोडतो तेव्हा त्याला पोट आणि प्रवास आडवे येतात, हे सरकारने केव्हाच मान्य केलं. कॅन्सरच्या रुग्णाचं पोट आणि प्रवास वेगळा आहे का?

माझी मागणी मोठ्या दवाखान्याची नाही. कॅन्सरचं निदान, ऑपरेशन, केमो नागपुरात होऊ द्या. पण रोजच्या गोळ्यांवर आलेल्या रुग्णाला तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या त्याच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळाव्यात, जशा तिथे बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात. नागपूरच्या डॉक्टरांनी एकदा लिहून द्यावं, मधली विचारपूस फोनवर व्हावी, त्रास झाला तरच बोलवावं. टीबीसारखे पोषणाचे पैसे यांनाही मिळावेत. चिठ्ठीवर मराठीत वार आणि वेळ लिहावी. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात, "गेल्या महिन्यात किती उरल्या?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून आवाज चढवला नाही, तर खरं कळतं. हे मी फार उशिरा शिकले. औषध कंपन्यांनी स्ट्रिपवरच्या प्रत्येक गोळीमागे नाव आणि मुदत छापावी, कारण आमच्याकडची स्ट्रिप कापली जाणारच आहे.

दुकानदार बंधू-भगिनींनाही विनंती आहे. कात्री लावताना ज्या तुकड्यावर नाव नाही त्यावर पेनाने लिहून द्या. मुदतीचा तुकडा आपल्याकडे ठेवून घेतो, तेव्हा ती तारीख पाकिटावर उतरवा. "जेवणानंतर" लिहिण्याआधी क्षणभर थांबा, खरंच गरज आहे का बघा. उपास कोणते करता, काम किती वाजता सुरू होतं, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो. मी आता एक वही ठेवली आहे. नाव, गोळी कधी संपणार, बाजाराचा वार, फोन. संपायच्या चार दिवस आधी फोन करते. सगळ्यांना लागत नाही, काही नंबर बंद येतात.

लाखांदूरचे ते भाऊ ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आले. बायको सोबत होती. उधारीचे पैसे आधी दिले, मग चिठ्ठी पुढे केली. मधे सहा दिवस गोळी नव्हती, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. निघताना त्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीमागं धानाची कापणी लागते बाई. तवाच्या गोळ्या आमच्या लाखांदुरातच भेटतीन का?"

मी म्हटलं, विचारून पाहते. म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचावं. कापणी लागायच्या आधी उत्तर आलं तर मी त्यांना फोन करून सांगेन.

आपली,
एक फार्मासिस्ट
मानेवाडा, नागपूर

(माझ्या नावावरून दुकान आणि दुकानावरून रुग्ण ओळखले जाऊ नयेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)